घर घेण्याआधी तपासणीवाले बोलावले, फी वसूल झाली का ते सांगते

पाचपैकी साडेतीन स्टार. आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत फिरतील. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारीपण आहेत आणि मला कुणाशी वाद घालत बसायचं नाही, पण या सगळ्या होम इन्स्पेक्शनवाल्यांचं काम साधारण एकाच पद्धतीनं चालतं त्यामुळे नावावाचून कुणाचं अडू नये.

तर झालं असं की मला राहायला नाही, भाड्यानं द्यायला एक जुना फ्लॅट घ्यायचा होता. सहा-सात घरं बघून झाली होती, त्यातलं एक आवडलं, भाव पण आवाक्यातला वाटला, आणि आत गेल्या गेल्या ताज्या रंगाचा वास आला. आता विकायच्या आधी घर रंगवणं यात गैर काही नाही, पण सगळं घर जुन्या रंगाचं आणि फक्त एका बेडरूमची एकच भिंत नवी कोरी असेल तर डोक्यात किडा वळवळतोच ना. एजंट म्हणाला मॅडम मालकांची हौस. दादा म्हणाला घे डोळे झाकून, घराचा भाव कधी पडतो का. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि तपासणी बुक केली.

तीन पॅकेज होती. सगळ्यात स्वस्त म्हणजे नुसतं डोळ्यांनी बघून फोटो काढणार, मधलं म्हणजे मीटर, कॅमेरा वगैरे उपकरणं घेऊन येणार, आणि सगळ्यात महागड्यात घराची किंमत काढून देणं आणि कागदपत्रांवर एक नजर. मी मधलं घेतलं. फी साधारण एका महिन्याच्या भाड्याच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे घराच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि तरीही बुक करताना हात आखडतो हे कबूल करते. ब्रिटनमधे सर्व्हेअर लोकांची मोठी संस्था आहे रिक्स नावाची, १८६८ पासूनची, त्यांच्याकडे पण सर्व्हेचे असेच तीन लेव्हल असतात आणि रिपोर्टमधे प्रत्येक गोष्टीला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देतात, या लोकांनी सगळा साचा तिकडूनच उचलल्यासारखा वाटला. त्यात वाईट काही नाही, उलट बरंच आहे.

महागडं पॅकेज का नाही घेतलं ते सांगते. किंमत काढून देतात म्हणजे कॉम्प्युटर आजूबाजूच्या व्यवहारांवरून आकडा फेकतो, तो काही या घरात येऊन लोणा लागलेली भिंत बघत नाही. अमेरिकेत झिलो म्हणून मोठी कंपनी आहे, तिचा सगळा धंदाच घरांच्या किमतींचे अंदाज दाखवण्यावर उभा, तिनं स्वतःच घरं विकत घेऊन विकायला सुरुवात केली आणि २०२१ च्या नोव्हेंबरमधे तो विभाग बंद करायची वेळ आली, कारण भाव पुढे कुठे जातील याचा अंदाज चुकत गेला आणि महाग घेतलेली घरं गळ्यात पडली. इतका डेटा असलेल्यांची ही गत तर माझ्या पॅकेजमधल्या फुकट आकड्याचं काय घेऊन बसलात. आणि कागदपत्रांवर नजर म्हणजे काय ते विचारलं तर उत्तर आलं, यादीतले कागद आहेत की नाहीत एवढं बघतो. ते काम वकिलाचं आहे, तिथे काटकसर करू नका.

तपासणीच्या दिवशी माणूस ४० मिनिटं उशिरा आला. फोन नाही काही नाही. मालक काका दारात उभे, मी जिन्यात उभी, एजंट मोबाईलमधे. अर्धा स्टार इथेच गेला. पण आल्यावर त्या मुलानं जे काम केलं ते बघून राग बराच उतरला. खांद्यावरच्या बॅगेतून त्यानं एक एक वस्तू काढून खिडकीत ओळीनं मांडली, ओल मोजायचं दोन सुयांचं मीटर, फोनला लावायचा छोटा थर्मल कॅमेरा, सॉकेटमधे खुपसायचा तीन दिव्यांचा टेस्टर, टॉर्च, लेव्हल, एका टोकाला गोळा असलेली स्टीलची कांडी, आणि खिशात एक काचेची गोटी. गोटी कशाला विचारलं तर म्हणाला ताई, बाथरूमच्या उताराला यापेक्षा खरं बोलणारं काही नाही. गोटी सोडली, ती जाळीकडे जायच्या ऐवजी निवांत दाराकडे घरंगळत आली. मीटरभर लांबीला एक-दोन सेंटीमीटर उतार तरी पाहिजे जाळीकडे, इथे उलटा होता. मालक काका म्हणाले वायपर मारला की होतं. बरोबर आहे त्यांचं, पण भाडेकरू वायपर मारेलच याची गॅरंटी कोण देणार.

मग ती नवी भिंत. बेडरूमची भिंत, पलीकडे बाथरूम, आणि भिंतीला चिकटून मोठं कपाट, कपडे गच्च भरलेलं. कपाट हलवायला काकांनी नाही म्हटलं, रिकामं करायला वेळ नाही म्हणे. तो मुलगा वाद न घालता कपाटाच्या शेजारी जेवढी मोकळी भिंत होती तिथे गुडघ्यावर बसला, आधी हाताचा उलटा तळवा लावला, मग कॅमेरा धरला. स्क्रीनवर स्कर्टिंगपासून वर साधारण गुडघ्याएवढा एक निळा डाग, कपाटाच्या मागे शिरत गेलेला. माझा समज होता की हा कॅमेरा भिंतीच्या आतलं दाखवतो. तसं काही नसतं, तो फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, ओली जागा पाणी उडत असल्यामुळे जरा गार राहते म्हणून निळी दिसते, पण एसीची हवा लागली किंवा बाहेरून सावली असली तरी निळी दिसू शकते. म्हणून तो नुसत्या निळ्यावर थांबला नाही. आधी घरातल्या मधल्या, कुठलीही पाइप जवळ नसलेल्या भिंतीवर सुया टेकवून रीडिंग घेतलं, ९-१० आलं, मग इथे टेकवलं, २६. म्हणाला हे मीटर मुळात लाकडासाठी बनवलेलं असतं त्यामुळे प्लास्टरवरचा आकडा शब्दशः घ्यायचा नाही, त्याच घरातली कोरडी भिंत किती दाखवते आणि ही किती दाखवते एवढाच फरक बघायचा. आणि भिंतीत क्षार असले तरी मीटर फसतं, जास्त दाखवतं. हे त्यानं न विचारता सांगितलं म्हणून त्याला माझ्याकडून पूर्ण मार्क. तुमच्याकडे येणारा माणूस जर पहिल्याच भिंतीवर मीटर टेकवून बापरे म्हणायला लागला तर समजून जा.

विजेचं पण नीट बघितलं. मेन बोर्डवर वीज गळाली की आपोआप पडणारा जो स्विच असतो त्याचं टेस्ट बटण दाबलं, फटकन पडला, ठीक. तो ३० मिलिअँपच्या गळतीला पडायला हवा असतो आणि हे बटण दर काही महिन्यांनी दाबून बघायचं असतं, मी माझ्या राहत्या घरातलं आयुष्यात एकदाही दाबलं नव्हतं, घरी येऊन आधी ते केलं. स्वयंपाकघरातल्या दोन सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. भाड्याच्या घरात हा विषय हलक्यात घेऊ नका, उद्या भाडेकरूला शॉक बसला तर जबाबदारी कुणावर येईल ते तुम्हीच ओळखा.

टाइल्सवर कांडी फिरवली, टक टक टक आणि मधेच डब डब, हॉलमधल्या अकरा टाइल्स पोकळ. बाल्कनीच्या वरच्या स्लॅबला एका कोपऱ्यात पोपडे आणि तांबूस रेघ. हा भाग मला सगळ्यात जास्त घाबरवून गेला कारण तिथे प्रश्न रंगाचा नसतो. आतली सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, कधी कधी त्याच्याही कितीतरी पट, त्या फुगण्यानं काँक्रीट आतून फाटतं आणि खपल्या पडतात, वरून प्लास्टर मारलं की वर्षभर छान दिसतं आणि परत तेच. एक साधी टेस्ट असते, काँक्रीटचा ताजा फुटलेला तुकडा असेल त्यावर फिनॉल्फ्थॅलिन टाकायचं, गुलाबी झालं तर सळईला वाचवणारा अल्कलीपणा अजून शिल्लक आहे, रंगच आला नाही तर तिथलं काँक्रीट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं थकलंय. मी विचारलं करणार का, तर म्हणे आमच्या पॅकेजमधे नाही, भिंत किंवा स्लॅब फोडायची परवानगी नसते. हे खरंय म्हणा, जगभर या धंद्याचा नियमच तो आहे, दिसेल आणि हात पोचेल तेवढंच बघायचं, काही उघडायचं फोडायचं नाही. पण मग बुकिंगच्या पानावर घराचा संपूर्ण एक्सरे असं कशाला लिहिता हो?

चार दिवसांनी रिपोर्ट आला, ६२ पानं. त्यातली चाळीसेक पानं फोटोंची. लाल रंगात एकूण ९ गोष्टी, आणि हसू नका, त्यातली एक म्हणजे बेडरूमच्या दाराला स्टॉपर नाही. स्टॉपर आणि गंजलेली सळई एकाच लाल रंगात! अशानं वाचणारा एकतर सगळ्याला घाबरतो नाहीतर सगळंच सोडून देतो. आणि १४ ठिकाणी एकच वाक्य, जागा उपलब्ध नसल्यामुळे तपासता आली नाही. कपाटामागची भिंत त्यातच. ही १४ वाक्यं मी वेगळी काढून लिहिली आणि माझ्या मते ६२ पानातलं सगळ्यात कामाचं पान तेच निघालं, कारण पैसे खाणाऱ्या गोष्टी बहुतेक तिथेच लपून बसलेल्या असतात.

रिपोर्टच्या शेवटी एक ओळ, दुरुस्तीसाठी आमच्या भागीदार कंत्राटदाराशी संपर्क करा, खास सवलत. इथे आणखी अर्धा स्टार गेला. ज्याला दुरुस्तीच्या कामातून पैसे मिळणार तो दुखणं मोठंच सांगणार की. अमेरिकेतली होम इन्स्पेक्टर लोकांची जुनी संघटना आहे ॲशी, १९७६ ची, तिच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की तपासलेल्या गोष्टींची दुरुस्ती इन्स्पेक्टरनं पुढे वर्षभर पैसे घेऊन करायची नाही. त्याच हिशोबानं एजंटनं सुचवलेला तपासणीवाला पण घेऊ नका, त्याला पुढची दहा कामं एजंटकडून मिळणार असतात, तुमच्याकडून एकच.

आता गुंतवणूकवाल्यांसाठी खरा मुद्दा. राहायला घर घेणारा रिपोर्ट वाचतो तो मला इथे राहवेल का म्हणून, आपल्याला वाचायचा असतो तो यातली कुठली ओळ माझं घर रिकामं ठेवेल म्हणून. हे मला आधी कळत नव्हतं, मी दुरुस्तीचा खर्च मोजत बसले होते. मग शीट उघडली आणि सगळं घराच्या किमतीला १०० धरून मांडलं, म्हणजे कुठल्याही गावाला चालेल.

घर १००. वर्षाचं भाडं समजा ५. एजंट हाच आकडा सांगतो, पाच टक्के परतावा मॅडम. पण वर्षात एक महिना घर रिकामं धरा, गेले ०.४२. बिल्डिंगचा मेंटेनन्स, कर, इन्शुरन्स मिळून ०.८. भाडेकरू बदलताना रंग, साफसफाई, दलाली याचे वर्षाला सरासरी ०.२. दुरुस्तीसाठी बाजूला ०.५. हातात उरले ३.०८. आणि घर १०० ला पडतच नाही, नोंदणी, कर, वकील, दलाली धरून समजा १०८ ला पडलं. ३.०८ भागिले १०८ म्हणजे २.८५ टक्के. पाचाचे पावणेतीन झाले आणि अजून कर्जाचं नावही नाही काढलं.

आता रिपोर्टमधली लाल कामं घ्या. समजा सगळी मिळून ३ लागले. मग घर पडलं १११ ला, परतावा २.७७. फरक किती, तर ०.०८. काहीच नाही! मी दोनदा तपासलं, वाटलं सूत्रात चूक आहे. मग दुसरं करून बघितलं, समजा मी काहीच दुरुस्त केलं नाही, भाडेकरूला कपाटात बुरशी दिसली, तो वैतागून निघून गेला आणि दर वर्षी एकाऐवजी तीन महिने घर रिकामं राहिलं. आणखी ०.८३ गेले, उरले २.२५, भागिले १०८, म्हणजे २.०८ टक्के. पाव भागाहून जास्त उत्पन्न एका ओल्या भिंतीनं खाल्लं. तेव्हापासून मी प्रत्येक लाल ओळीसमोर खर्च लिहायच्या आधी एकच लिहिते, यानं माणूस निघून जाईल का. पोकळ टाइल, नाही. ओल, हो. उलटा उतार, कदाचित. अर्थिंग नाही, त्याला हा प्रश्नच लावायचा नाही, ते करूनच द्यायचं. बाल्कनीचा स्लॅब, हा बिल्डिंगचा विषय, त्यावर पुढे लिहिते.

कर्ज काढून घेणाऱ्यांनी एवढं अजून बघा. १०० पैकी ८० कर्ज, ९ टक्क्यांनी, २० वर्षं, तर हप्ता महिन्याला ०.७२ आणि वर्षाला ८.६४ पडतो. भाड्यातून खर्च जाऊन आलेले ३.०८, म्हणजे वर्षाला साडेपाचच्या वर खिशातून घालायचे. भाड्यात हप्ता निघतो हे वाक्य मी किमान दहा लोकांकडून ऐकलंय, एकानंही वहीत मांडलेलं नव्हतं. आणि पहिल्या हप्त्याच्या ०.७२ मधले ०.६० नुसतं व्याज, मुद्दल फिटतं ०.१२. एक्सेल किंवा कुठल्याही शीटमधे पीएमटी नावाचं फंक्शन असतं, व्याजदर बाराने भागून, महिने, कर्ज एवढं टाकलं की हप्ता येतो, पाच मिनिटांचं काम आहे, स्वतः करा, बँकेच्या माणसाला विचारलंत तर तो तुम्हाला जास्तीत जास्त किती कर्ज बसतं ते सांगेल, ते वेगळं.

दादाचं म्हणणं असं की हे सगळं भाव वाढला की भरून निघतं. निघतं पण, वाढला तर. बहात्तरचा नियम (७२ भागिले वाढीचा टक्का म्हणजे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं) लावला तर वर्षाला ६ टक्क्यांनी वाढलं तर बारा वर्षांत दुप्पट, ४ टक्क्यांनी अठरा वर्षं. पण जपानमधे १९९१ च्या आसपास जमिनीचे भाव शिखरावर होते आणि तिथून पुढे कितीतरी वर्षं उतरतच गेले, अमेरिकेत २००६ ते २०१२ मधे घरं सरासरी साधारण पाव भागानं उतरली. तिथल्या लोकांचे पण दादा होतेच. मी त्याला हे सांगितलं तर म्हणाला तू फार वाचतेस. असो. मी माझ्या शीटमधे भाववाढ शून्य धरून एक रकाना ठेवते, त्या रकान्यात मी हप्ते भरत तग धरू शकते का एवढं बघते, बाकीचं वरची साय.

तर रिपोर्ट घेऊन मी काकांकडे गेले. सगळी ६२ पानं नाही दाखवली, ती चूक करू नका, समोरचा माणूस दाराचा स्टॉपर बघून हसतो आणि मग सळईचं पण ऐकत नाही. दोनच पानं नेली, ओलीचं आणि विजेचं. रिपोर्टमधे ओलीचं कारण लिहिलं होतं, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग गेल्याची शक्यता, पूर्ण बाथरूम उकलून परत करणे. त्याचा अंदाजे खर्च दिला होता पण तो इतका ढगळ, कमीत कमी आणि जास्तीत जास्त यात चौपटीचा फरक, की त्यावर घासाघीस कशी करायची तेच कळेना. मी ओळखीच्या प्लंबरकडून वेगळा आकडा आणला आणि ३ कमी करा म्हटलं. काका भडकले. अहो पंधरा वर्षं राहतोय, कधी थेंब नाही बघितला. मग भिंत का रंगवली विचारलं तर मुलांनी पेन्सिलनं चितारली होती म्हणे. त्यांची मुलं कामाला जातात.

शेवटी ठरलं की बाथरूममधे पाणी भरून बघू. जाळी बंद केली, इंचभर पाणी भरलं, टाइलवर पेन्सिलनं रेघ मारली आणि २४ तास तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेवरच. भिंतीचं रीडिंग पण तेच, २६. म्हणजे फरशीतून पाणी जातच नव्हतं! काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला, माझा पण, वेगळ्या कारणानं.

आणि मग प्लंबरनं जे केलं ते त्या तपासणीवाल्यानं पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. घरातले सगळे नळ बंद, गीझर बंद, फ्लशच्या टाकीचा कॉक बंद, आणि पाण्याच्या मीटरसमोर स्टूल टाकून बसला. मीटरमधे एक छोटी लाल चकती असते, पाणी हललं की फिरते. पाच मिनिटं आम्ही चौघं खाली वाकून ती चकती बघत होतो. फिरत होती. अगदी हळू, मधेच थांबल्यासारखी, पण फिरत होती. म्हणजे गळती सप्लायच्या पाइपात, भिंतीच्या आत. कपाट शेवटी रिकामं झालं, मागे काळी बुरशी आणि प्लास्टर हाताला लागलं की पिठासारखं खाली, टाइल फोडल्यावर जुन्या लोखंडी पाइपाचा एक जॉइंट झिरपताना सापडला. अख्खं बाथरूम उकलायचा जो खर्च रिपोर्टमधे होता त्याच्या दहाव्या हिश्शात काम झालं.

म्हणून म्हणते, जागा त्यानं अचूक दाखवली, कारण साफ चुकवलं. हे एवढं लक्षात ठेवूनच रिपोर्ट वाचा, कुठे आणि किती यावर विश्वास ठेवा, का यासाठी ते काम हातानं करणारा माणूस आणा. मी जर तो रिपोर्ट धरून वॉटरप्रूफिंग करून घेतलं असतं तर सगळा खर्च करून सहा महिन्यांनी भिंत परत ओली. (आणि मग भाडेकरू गेला असता, आणि मग वरची ०.८३ ची गोष्ट.)

भावाचं काय झालं, तर ३ चे मी खाली आले, काका शून्याचे वर आले, १.५ वर मिटलं, त्यात पाइपचं काम आणि अर्थिंग त्यांनी ताब्यापूर्वी करून द्यायचं. कारण इतकं स्वस्तात निघाल्यावर ३ धरून बसणं मलाच बरं वाटेना. दादाच्या मते मी बावळट आहे. पण नुसते ते १.५ धरले तरी तपासणीची फी कितीतरी पटीनं वसूल.

कंपनीला मेल केला की कारण चुकलंय. उत्तर यायला नऊ दिवस लागले, आधी तेच छापील उत्तर, तपासणी फक्त दृश्य स्वरूपाची असते वगैरे, मग मी मीटरच्या चकतीचा व्हिडिओ पाठवला तेव्हा एका बाईंचा फोन आला, नीट बोलल्या, माफी मागितली, परत एक फेरी फुकट देऊ म्हणाल्या आणि खरंच दिली. तोच मुलगा आला. पाइपचं काम झाल्यावर तीन आठवड्यांनी रीडिंग १४ वर होतं, भिंत वाळायला वेळ लागतो म्हणाला, महिनाभर रंग लावू देऊ नका. पाण्याच्या मीटरची टेस्ट आता त्यांच्या यादीत टाकलीये असंही सांगत होता, खरं असेल तर चांगलंच.

आता बाल्कनीच्या स्लॅबचं. असल्या गोष्टी तपासणीवाला दाखवून मोकळा होतो, पण त्या एका फ्लॅटच्या नसतातच. मी बिल्डिंगच्या कमिटीतल्या एकांना गाठलं आणि मागच्या तीन वर्षांचे हिशोब मागितले, दुरुस्तीचा फंड किती शिल्लक आहे, लिफ्ट कधी बदलली, गच्चीचं काम कधी झालं, आणि मेंटेनन्स किती लोकांनी थकवलाय. ते थोडे खुलले तेव्हा कळलं की पुढच्या वर्षी बाहेरून सगळी दुरुस्ती काढायचीये आणि प्रत्येकाकडून एकरकमी पैसे घ्यायचे ठरतंय. हे ना एजंटला माहीत होतं (असेलही, बोलला नाही) ना ६२ पानांत. तो आकडा शीटमधे टाकला, आणि करारात लिहून घेतलं की ताब्याआधी ठरलेली वर्गणी जुना मालक भरेल. रात्री साडेदहाला एकदा आणि पाऊस चालू असताना एकदा नुसती जाऊन जिन्यात उभी राहिले, ते पण करा, फुकट आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पाच मिनिटांत सांगितलं की पाणी किती वाजता जातं आणि कुणाचा कुत्रा भुंकतो.

कुणी घ्यावी ही सर्व्हिस? नवीन घर असेल तर मधल्या पॅकेजची गरज नाही, गोटी, कांडी आणि सॉकेट टेस्टर घेऊन तुम्हीच फिरू शकता, फक्त तो टेस्टर न्यूट्रल आणि अर्थ आपसात बदललेले असतील तर पकडत नाही एवढं लक्षात ठेवा. वीस-पंचवीस वर्षांहून जुनं असेल, किंवा एकच भिंत नवी रंगवलेली असेल, तर घ्याच. वेळ घ्या पावसाच्या दिवसातली, कडक उन्हाळ्यात ओल लपते. आणि टोकन द्यायच्या आधी करा, नंतर केलीत तर घासाघीस करायला हातात काही उरत नाही, नुसता मनस्ताप.

मी स्वतःचं एक ओल मोजायचं मीटर घेऊन टाकलंय, घरातल्या सगळ्या भिंती मोजून झाल्या, आता शेजारी बोलावतात. फ्लॅटला भाडेकरू मिळाला, दोन महिने झाले, कपाट त्याच जागी आहे पण भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवायला लावलंय. पुढच्या महिन्यात दुसरं घर बघायचंय, त्यासाठी याच लोकांचं मधलं पॅकेज बुक केलंय, फक्त या वेळी मालकांना आधीच सांगून ठेवलंय की कपाटं रिकामी करून ठेवा.